सी भाषा, फाइल आणि परकी यंत्रे

फाइल उघडायची, वाचायची, बंद करायची. सी भाषेच्या विद्यार्थ्याला एवढे फार लवकर जमते. अभ्यासक्रमात हा विषय बहुधा शेवटी येतो आणि घाईघाईत उरकला जातो. त्याची खरी ओळख पुढे होते. लिनक्सवर बिनबोभाट चालणारा प्रोग्राम विंडोजवर नेला, की चित्राची फाइल अर्धवट वाचली जाते, मोठ्या फाइलीची लांबी भलतीच येते, नाहीतर डोळ्यांसमोरची फाइल प्रोग्रामला सापडतच नाही. कोडमध्ये तर अक्षरही बदललेले नसते. या कोड्यांची उकल सुंदर आहे, आणि वाचकांनी ती केवळ नोकरीपुरती न शिकता आवडीने शिकावी, अशी माझी इच्छा आहे.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी भाषा घडवत होते, त्याच काळात, 1970च्या दशकाच्या आरंभी, त्यांचे सहकारी माइक लेस्क यांनी एक पोर्टेबल इनपुट-आउटपुट लायब्ररी लिहिली. तिच्याच फेररचनेतून आजची स्टँडर्ड आय-ओ लायब्ररी निघाली, आणि 1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती दूरवर पोचली. 1989मध्ये अमेरिकेच्या एएनएसआयने सीचे मानक प्रसिद्ध केले; पुढच्या वर्षी आयएसओने ते स्वीकारले. हे मानक एकट्या युनिक्ससाठी नव्हते. एमएस-डॉस, व्हीएमएस, आयबीएमचे मेनफ्रेम अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रणालींना सामावून घेणे भाग होते.

म्हणूनच मानकातली काही कलमे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. ओळीच्या शेवटी लिहिलेल्या रिकाम्या जागा परत वाचताना मिळतीलच, याची हमी नाही. का? काही यंत्रांवर प्रत्येक ओळ ठरावीक लांबीची असे आणि उरलेला भाग रिकाम्या जागांनी भरला जाई. मग तुमच्या जागा कोणत्या आणि भरणीच्या कोणत्या, हे कसे ओळखणार? बायनरी फाइलीच्या शेवटी जास्तीचे शून्य-बाइट येऊ शकतात, असेही मानक सांगते. सीपी/एम या जुन्या प्रणालीत फाइलीची लांबी 128 बाइटच्या तुकड्यांतच मोजली जाई, हे कळले की त्या कलमाचा अर्थ लागतो. माझ्या मते या विषयाची गुरुकिल्ली इथे आहे: मानकाने कोणते वचन दिले आणि कोणते जाणूनबुजून दिले नाही, हे वाचायला शिकायचे, आणि न दिलेल्या वचनामागचे यंत्र शोधायचे.

एक उदाहरण अगदी जवळून पाहा. प्रत्येक पीएनजी चित्राची सुरुवात आठ ठरावीक बाइटांनी होते: 137, 80, 78, 71, 13, 10, 26, 10. त्यांतले 80, 78, 71 म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. बाकीचे पाच पहारेकरी आहेत. 13 आणि 10 ही विंडोजची ओळ संपवणारी जोडी. लिनक्सवर ओळ नुसत्या 10ने संपते. 26 ही सीपी/एमकडून डॉसकडे आलेली मजकूर संपल्याची खूण. आता विंडोजवर, फाइल उघडणाऱ्या एफओपन फंक्शनला बायनरी पद्धतीचा 'बी' न देता, म्हणजे टेक्स्ट पद्धतीने, हे चित्र उघडा आणि एकेक बाइट वाचून तशाच उघडलेल्या दुसऱ्या फाइलीत उतरवा. 13-10 या जोडीचा एकटा 10 होईल, 26 दिसताच फाइल संपल्याचे सांगितले जाईल, आणि लिहिताना त्या 10चे पुन्हा 13-10 होईल. चित्र कितीही मोठे असो, नवी फाइल 6 बाइटांची. लिनक्सवर हाच प्रोग्राम चित्राची हुबेहूब प्रत काढतो. वाचकांनी हा प्रयोग स्वतः करावा. 'बी'चे महत्त्व पुन्हा सांगावे लागणार नाही.

मोठ्या फाइलींची लांबी चुकण्याचे कारण त्यामानाने सोपे आहे. फाइलीतली जागा सांगणारे एफटेल हे फंक्शन 'लाँग' परत करते, आणि 64 बिटांच्या विंडोजवरही लाँग 32 बिटांचाच असतो. म्हणजे 2 जीबीच्या पुढे त्याचा हिशेब संपतो.

मराठी वाचकांना जिव्हाळ्याचा वाटावा असा प्रश्न फाइलीच्या नावाचा. 'हिशेब' हे नाव यूटीएफ-8मध्ये 15 बाइट घेते. लिनक्स त्याकडे बाइटांची माळ म्हणून पाहते आणि फाइल उघडते. विंडोजवर एफओपन मात्र दिलेले नाव चालू कोड पेजमधले, म्हणजे अक्षरांच्या चालू संकेत-तक्त्यातले, समजते, आणि प्रणालीसाठी निवडता येईल असे देवनागरीचे जुने कोड पेज विंडोजमध्ये नाहीच. त्यामुळे फाइल खिडकीत दिसते, प्रोग्रामला मिळत नाही. विंडोजचे यूटीएफ-16 स्वीकारणारे वेगळे फंक्शन वापरणे हा एक उपाय. विंडोज 10च्या 1903 आवृत्तीपासून प्रोग्रामपुरते यूटीएफ-8 कोड पेज मागून घेण्याचीही सोय आहे. आपल्या भाषेत फाइलींना नावे देणाऱ्यांनी हे आधी शिकावे, असा माझा आग्रह आहे.

अभ्यास करताना प्रत्येक फंक्शनपाशी एक प्रश्न विचारत चला: ही हमी कोणाची, सीची, पॉझिक्सची (म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाची) की विंडोजची? फाइलीचे नाव बदलणाऱ्या रीनेमचेच पाहा. नवे नाव आधीच अस्तित्वात असेल तर काय व्हावे, हे सी ठरवत नाही. पॉझिक्स जुनी फाइल बदलून टाकते, विंडोजचे रीनेम चूक कळवते. एवढी दृष्टी आली, की एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड उघडा. तिथे युनिक्ससाठी एक आणि विंडोजसाठी दुसरी, अशा वेगळ्या फाइलींत प्रणालीशी बोलणारा सगळा भाग कोंडून ठेवला आहे. उरलेल्या कोडला खाली कोणती प्रणाली आहे याची चिंता करावी लागत नाही. युनिक्सच्या फाइलीत लॉकविषयी एक लांबलचक टिपण आहे: एकाच प्रोसेसने तीच फाइल दोनदा उघडली आणि त्यांतली एक बंद केली, तर दुसरीच्या आधारे घेतलेले लॉकही सुटतात. ते टिपण सावकाश वाचा, आणि मग विंडोजच्या फाइलीत लॉक कसे घेतले आहेत ते शेजारी ठेवून पाहा.