नोलन भगिनी : घर हीच कंपनी

लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा क्रमांक मोजतो. कुठलं गाणं कितवं आलं, किती खपलं. आज तेही बघू, पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आयर्लंडमधल्या सख्ख्या बहिणींचा एक गायनसंच होता, ‘द नोलन्स’. या बहिणींसाठी घर आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी कधी होत्या का?

सुरुवात डब्लिनपासून करू. टॉमी आणि मॉरीन नोलन हे जोडपं, दोघंही गायक. १९५०च्या दशकात आयर्लंडमधून लाखो माणसं पोटासाठी बाहेर पडली होती. त्याच वाटेने १९६२ साली हे कुटुंब इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला आलं. ब्लॅकपूल म्हणजे लँकशायरच्या गिरणी कामगारांचं सुट्टीचं गाव. समुद्रकिनारा, नाट्यगृहं आणि मनोरंजनाचे क्लब. म्हणजे गाणाऱ्याला काम मिळण्याची जागा.

मुलं कळती होत गेली तशी स्टेजवर आली. ‘द सिंगिंग नोलन्स’ या नावाने आईवडील, मुलगे, मुली सगळेच गायचे. आता हे ऐकायला गोड वाटतं. पण लक्षात घ्या, रात्री कामगारांच्या क्लबात कार्यक्रम आणि सकाळी शाळा, असं ते बालपण होतं. काम देणारे वडील, आणि घरी परतल्यावर समोर पुन्हा तेच वडील. तक्रार करायची तर कोणाकडे? थोरल्या अ‍ॅनने २००८ साली आत्मचरित्रात लिहिलं, की लहानपणी वडिलांनी तिचं लैंगिक शोषण केलं. प्रेक्षकांना दिसत होतं ते एक हसरं कुटुंब.

१९७४मध्ये फक्त बहिणींचा संच झाला, ‘द नोलन सिस्टर्स’. क्लिफ रिचर्डच्या टीव्ही कार्यक्रमातून त्या घराघरांत पोचल्या. १९७५ साली फ्रँक सिनात्राच्या युरोप दौऱ्यात त्याच्याआधी गायला उभ्या राहिल्या. आणि १९७९च्या अखेरीस आलं ते गाणं, ‘आय’म इन द मूड फॉर डान्सिंग’. ब्रिटनमध्ये ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, जपानमध्ये थेट पहिल्या. १९८२पर्यंत ब्रिटनच्या पहिल्या विसांत त्यांची सात गाणी आली. १९८१ साली टोकियो संगीत महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिकही मिळालं. समीक्षकांनी त्यांना ‘गुणी मुली’ म्हणून हसण्यावारी नेलं, ते वेगळं.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे, खरं तर गंमत नाहीच. एरवी बँडमधून कोणी गेलं की नवा माणूस घेतात. इथे माणूस येणार कुठून? घरातूनच. डेनिस १९७८मध्ये स्वतंत्र गायला बाहेर पडली. १९८०मध्ये अ‍ॅन थांबली, संसार आणि मूल यासाठी. तिच्या जागी आली सगळ्यात धाकटी कोलीन. वय वर्षं पंधरा! दोन वर्षांनी अ‍ॅन परतली. १९८३मध्ये लिंडा गेली. प्रत्येक वेळी हा कंपनीचा राजीनामाही असायचा आणि घरातली घडामोडही.

पुढे प्रत्येकीने आपापली वाट धरली. कोणी मालिकांत, कोणी टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात. तरी योगायोग बघा. ‘ब्लड ब्रदर्स’ या संगीत नाटकात मिसेस जॉन्स्टन नावाची एक आई आहे. गरिबीपायी जुळ्यांपैकी एक मूल ती दुसऱ्याला देऊन टाकते. ही एकच भूमिका चार नोलन बहिणींनी वेगवेगळ्या वेळी केली : डेनिस, लिंडा, बर्नी आणि मॉरीन. पोरं आणि पोट यांचा हिशेब मांडणारी आई त्यांना वेगळी समजावून सांगायला लागली नसेल, असं मला आपलं वाटतं.

आणि मग २००९. पुनर्मीलनाचा दौरा जाहीर झाला, तो चौघींचा. कोलीन, बर्नी, लिंडा, मॉरीन. अ‍ॅन आणि डेनिस यांना त्यात घेतलं नव्हतं. एखाद्या बँडमध्ये हा व्यवहाराचा निर्णय ठरला असता. इथे बहिणींचं बोलणं बंद झालं, आणि तेही वर्तमानपत्रांतून सगळ्या देशासमोर.

२०१३च्या ४ जुलैला बर्नी गेली, स्तनाच्या कर्करोगाने, वयाच्या ५२व्या वर्षी. तुटलेलं हळूहळू सांधलं जात होतं. २०२०मध्ये अ‍ॅन, लिंडा, मॉरीन आणि कोलीन एका टीव्ही मालिकेसाठी जहाजाच्या सफरीवर एकत्र गेल्या. परतल्यावर काही दिवसांच्या अंतराने अ‍ॅन आणि लिंडा, दोघींनाही कर्करोगाचं निदान झालं. जानेवारी २०२५मध्ये लिंडाही गेली.

बघा, एकत्र येणंसुद्धा कॅमेऱ्यासमोरच झालं. त्यात खोटेपणा होता असं मी म्हणणार नाही. लहानपणापासून प्रेम, भांडण, आजारपण, सगळं कामाच्या जागीच घडलं, कारण दुसरी जागा नव्हती. म्हणून यापुढे ते नाचायला लावणारं गाणं कुठे कानावर पडलं, तर जरूर ताल धरा. फक्त त्या आवाजांच्या मागे किती वर्षांची नोकरी आहे, तेवढं आठवा.