रुपयाच्या पुस्तकातले आईवडील



कॉमर्स शिकलेल्या आम्हा बायकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर भेटतात ते चलनाच्या प्रकरणात. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चांदीचा रुपया, सोन्याचं परिमाण, विनिमयाचा दर, असा सगळा रुक्ष विषय. पण सुरुवातीला अर्पणपत्रिका लागते आणि हात थांबतो. पुस्तक आईवडिलांच्या स्मृतीला वाहिलेलं आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला, जी दृष्टी दाखवली, तिची कृतज्ञता त्यात आहे. हाच मुलगा लहानपणी वडिलांवर रागावून घर सोडायच्या बेतात होता, हे माहीत असलं की ते पान वेगळंच दिसतं.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि फौजी शाळेत शिकवत. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं आणि मग साताऱ्याला गेलं. तिथे आई भीमाबाई वारल्या. भीम सगळ्यात धाकटा, जेमतेम पाच वर्षांचा. आत्या मीराबाईंनी मुलांना पोटाशी धरलं.

पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. घरात जिजाबाई आल्या आणि भीमाबाईंचे दागिने त्यांच्या अंगावर दिसू लागले. हे भीमाला सोसेना. एखादा दागिना आईच्या गळ्यात बघितलेल्या लेकराला तोच दुसरीच्या गळ्यात बघून काय वाटत असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वडिलांचं अन्न खायचं नाही, आपल्या पायावर उभं राहायचं, असं त्या पोराने ठरवलं. साताऱ्याची मुलं मुंबईच्या गिरणीत कामाला लागतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. प्रश्न गाडीभाड्याचा होता. आत्याच्या कमरेला पैशांचा बटवा असे, तो तिच्या झोपेत काढून घ्यायचा बेत केला. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री बटवा हाती लागला, तर आत निघाला फक्त अर्धा आणा. म्हणजे दोन पैसे! त्या दोन पैशांनी मुंबई काही गाठता येईना. मग त्याने मनाशी ठरवलं, पळून जायचं नाही, खूप अभ्यास करायचा आणि लवकर कमावतं व्हायचं.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः पुढे आठवणींत सांगितली आहे. लपवलेली नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच माणसं, त्यातच जळण. मुलाला अभ्यासाला शांतता हवी म्हणून वडिलांनी तोड काढली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचं. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि स्वतः त्या जागी अंग टाकायचे.

पेन्शन तुटपुंजी, आणि मुलाला पुस्तकांचं वेड. नवं पुस्तक हवं झालं की रामजी आधी धाकट्या लेकीकडे उसने पैसे मागायला जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्या लग्नात आपणच घातलेला एखादा दागिना मागून घेत, सावकाराकडे गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत देत.

मैत्रिणींनो, दागिन्यावरून वडिलांबद्दल मनात अढी बसली, आणि दागिना गहाण ठेवूनच त्याच वडिलांनी त्याला शिकवलं. ज्या लेकींच्या अंगावरून तो उतरला, त्यांचा वाटाही विसरायला नको.

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले. बडोद्याची नोकरी त्यांनी धरू नये असं वडिलांना वाटत होतं, तरी जानेवारी १९१३ मध्ये ते गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोचायला उशीर झाला. वडिलांनी लेकाच्या वाटेकडे प्राण डोळ्यांत आणले होते. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला शिकायला गेला. त्याचं नाव झालेलं बघायला वडील नव्हते.

आपल्याकडची श्रेणिक आणि कुणिकाची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. बापाला बंदिवासात टाकल्यावर चेलना राणी कुणिकाला सांगते, तू तान्हा असताना तुझं बोट पिकलं होतं, तुला आराम पडावा म्हणून यांनी ते तोंडात धरलं होतं. कुणिक बेड्या तोडायला कुऱ्हाड घेऊन धावतो, पण बाप समजतो की हा मारायलाच आला, आणि आपणच जीव देतो. बापाची माया कळली, पण फार उशिरा.

भीमरावांना वडील गेले तरी माया आधी दिसलेली होती. दहा वर्षांनी ग्रंथ छापताना त्यांनी ती लिहून ठेवली, आणि आई व वडील दोघांना एकत्र लिहिलं. ज्या वडिलांनी आईच्या जागी दुसरी आणली म्हणून लेक रुसला होता, त्यांना लेकाने त्या पानावर पुन्हा आईशेजारी बसवलं, असं मला वाटतं.

हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही. चुकीची वाटणारी नोंदही तशीच राहते आणि तिच्यासमोर दुसरी नोंद येते. मनातल्या वहीचंही तसंच आहे. पाच वर्षांच्या पोराचं दुःख खरंच होतं, ते खोडायची गरज नाही. पण एकाच बाजूचा आकडा धरून बसलं, तर तो हिशेब होत नाही.

आपल्यापैकी कितीजणींच्या वहीत अशा नोंदी आहेत. भावाला कॉलेज आणि मला शिवणक्लास. परीक्षा तोंडावर असताना उरकलेलं लग्न. थोरलीला जास्त सोनं. ज्यांच्याकडून दुखावलो, त्यांच्या फोटोला आता हार आहे. संवत्सरीला आपण हयात माणसांना फोन करून क्षमापना करतो, पण गेलेल्यांना फोन लागत नाही. त्यांच्यासाठी यंदा एक पान लिहावं. आईवडिलांनी काय दिलं नाही ते लिहावं, आणि काय गहाण ठेवून दिलं तेही लिहावं. मग त्याच पानाखाली म्हणावं, मिच्छामि दुक्कडम्.