मूत्राशयांतील नळी आणि तिची मुदत

वृद्धपणीं प्रोस्टेट ग्रंथि वाढल्यामुळें किंवा पाठीच्या कण्यास इजा झाल्यामुळें ज्यांची लघवी तुंबते, त्यांपैकीं कित्येकांच्या मूत्राशयांत कॅथेटर नांवाची नळी महिनोन् महिने ठेवावी लागते. अशा रुग्णाच्या घरीं एक प्रश्न हटकून निघतो: ही नळी किती दिवसांनीं बदलावी? प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याच्या उत्तरामागें मोठा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेंत निरुद्धप्रकश नांवाच्या विकारांत, म्हणजे शिश्नाग्राची त्वचा आकसून लघवीची वाट अरुंद झाली असतां, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तुपानें माखून आंत घालावी व दर तीन दिवसांनीं पहिलीहून जाड नळी घालावी, असें सांगितलें आहे. ही मुदत वाट रुंद करण्यासाठीं होती. मूत्राशय रिकामें ठेवण्यासाठीं नव्हती.

युरोप-अमेरिकेंत पुढें धातूच्या नळ्या प्रचारांत होत्या. मूत्राशयांतील खड्यानें पीडलेल्या आपल्या वडील बंधूसाठीं बेंजामिन फ्रँकलिन यानें १७५२ सालीं चांदीची लवचीक नळी करवून घेतली. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति शोधली, आणि नळी मऊ झाली. तरी ती जागेवर राहावी कशी, ही अडचण उरलीच. अमेरिकन शस्त्रवैद्य फ्रेडरिक फोली यानें टोकाशीं फुगा असलेल्या नळीचें वर्णन १९३७ सालीं प्रसिद्ध केलें. फुग्यांत पाणी भरलें कीं नळी निसटत नाहीं. मुदतीचा आजचा प्रश्न खरा येथूनच उभा राहिला.

कारण नळीबरोबर जंतूंनाही वाट मिळते. नळी ठेवलेल्या शंभर रुग्णांपैकीं दररोज तीन ते सातांच्या लघवींत नव्यानें जंतु शिरतात. महिन्याभरांत बहुतेक सर्वांच्या लघवींत ते सांपडतात. त्यांतील प्रोटियस जातीचे जंतु लघवींतील युरिया फोडून अमोनिया उत्पन्न करतात. मग क्षार सांचून नळी चोंदते. तुंबलेली लघवी उलट चढून मूत्रपिंडांस अपाय होऊं शकतो. १९६६ सालीं क्यूनिन व मॅकॉर्मॅक यांनीं नळी व पिशवी यांचा मार्ग बंदिस्त ठेवण्याचें महत्त्व दाखविलें; त्यानें जंतूंचा प्रवेश लांबला, टळला नाहीं.

फार दिवस महिन्याचा ठराविक नेम पाळला जाई. सिलिकोनच्या नळ्या आल्यावर त्यांस साधारणतः बारा आठवड्यांपर्यंतची मुदत मिळाली. परंतु अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २००९ सालीं केवळ दिवस भरले म्हणून नळी बदलूं नये, असें सुचविलें. नळी चोंदली, संसर्गाचीं लक्षणें दिसलीं किंवा बंदिस्त मार्ग खंडित झाला, तर ती बदलावी. कारखानदारानें दिलेली कमाल मुदत मात्र ओलांडूं नये.

कोणाची नळी दहा दिवसांत चोंदते, कोणाची दोन महिने निर्वेध चालते. म्हणून नळी बसविल्याची व चोंदल्याची तारीख घरच्यांनीं वहींत टिपून ठेवावी. दोन-तीन नोंदींवरून त्या रुग्णाचा क्रम डॉक्टरांस कळतो, आणि पुढची नळी चोंदण्यापूर्वींच बदलतां येते. त्याचबरोबर नळी कायम ठेवणें खरोखरच आवश्यक आहे काय, हेंही प्रत्येक वेळीं विचारावें. १९७२ सालीं जॅक लॅपिडीस यांनीं स्वच्छ नळी वेळोवेळीं घालून लगेच काढून घेण्याची पद्धति मांडली. ज्यांस ती साधते, त्यांच्यापुरता मुदतीचा प्रश्नच मिटतो.