सव्वा महिना आणि त्यापुढची दोन वर्षे

बाळंतिणीची काळजी घेण्याची महाराष्ट्रातली रीत सव्वा महिन्याची आहे. या दिवसांत तिने काय खावे, काय टाळावे, अंग कोणत्या तेलाने चोळावे, पोट कसे बांधावे, उंबऱ्याबाहेर केव्हा पडावे, हे सारे ठरलेले असते. मूल रांगू लागले, धरून उभे राहू लागले, घरभर दुडुदुडु धावू लागले की मात्र आईच्या शरीराविषयी ही रीत काहीच सांगत नाही. बाळंतपणात वाढलेले वजन उतरवायचे कसे, हा आजच्या आयांचा प्रश्न नेमका या काळातला आहे. जुन्या बायांना तो फारसा पडला नाही. त्याची कारणे त्यांच्या आहारात कमी आणि घरात, कामात, पेहरावात जास्त सापडतात.

सूतिकेच्या, म्हणजे बाळंतिणीच्या, परिचर्येचे जुने तपशील आयुर्वेदाच्या संहितांत मिळतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे की, भूक लागलेल्या सूतिकेला पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण घालून पचेल तेवढे तूप किंवा तेल पाजावे. मग पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळावे. गर्भ बाहेर आल्यामुळे रिकाम्या झालेल्या पोटात वायूला जागा मिळू नये, हे त्याचे कारण. त्यानंतर औषधी पेज, ऊन पाणी आणि पाच-सात दिवसांनी हळूहळू पुष्टी देणारा आहार असा क्रम येतो. सुश्रुताने सूतिकाकाळ दीड महिन्याचा मानला. पुन्हा पाळी येईपर्यंत तो असतो, हे काहींचे मतही त्याने नोंदवले. काश्यपसंहितेने तर प्रदेशाप्रमाणे आणि कुळाच्या रिवाजाप्रमाणे उपचार बदलावेत, असे म्हटले आहे.

यातली एक गोष्ट मुद्दाम पाहण्याजोगी आहे. स्थूलपणा चरकाला चांगला माहीत होता. सूत्रस्थानात अतिस्थूल माणसाची लक्षणे, त्याचे कष्ट आणि त्याच्यासाठी जव, मध, व्यायाम, जागरण असे उपाय आले आहेत. पण ते प्रकरण वेगळे आणि सूतिकेचे वेगळे. सूतिका म्हणजे रक्त, बळ आणि झीज भरून काढायची गरज असलेली स्त्री, अशीच त्या शास्त्राची दृष्टी होती. पोट बांधण्यामागेही बारीक दिसण्याचा हेतू नव्हता. आज पट्ट्याने चरबी उतरते असे सांगितले जाते, त्याला ना जुन्या ग्रंथांचा आधार आहे ना नव्या वैद्यकाचा. पट्ट्याने ताणलेल्या स्नायूंना आधार मिळतो, कंबरेला बरे वाटते; चरबी जागची हलत नाही.

मराठी घरांत या परंपरेने आपले रूप घेतले. पहिले बाळंतपण माहेरी. अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी. सकाळी तेल लावायला बाई यायची. पोट, मांड्या, पाठ रगडून झाली की कडकडीत पाण्याने न्हाणे, मग शेक, मग जुन्या मऊ लुगड्याच्या पट्टीने पोट घट्ट बांधून बाळंतीण आडवी व्हायची. जेवणात मऊ भात, मेतकूट, साजूक तूप. घाटावर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपूची भाजी. ताक, दही, बरीचशी फळे थंड म्हणून वर्ज्य. आप्तांकडून बाळंतविडा यायचा. त्यात बाळाची कुंची, झबली, दुपटी असायची आणि आईसाठी डिंक, खारीक, खोबरे, खसखस, अळीव, सुंठ. या रीतीत घातक गोष्टीही होत्या. बंद खोलीतला धूर आई आणि मूल दोघांनाही त्रासाचा, पाणी कमी पिण्याची सक्ती दूध पाजणाऱ्या बाईला अपायकारक आणि अस्वच्छ हातांची सुईण तर कित्येकींच्या जिवावर बेतली.

डिंकाच्या लाडवाकडे मात्र आज उगीच संशयाने पाहिले जाते. कढत तुपात डिंक फुलवायचा, तो हाताने चुरायचा, त्यात भाजलेले खोबरे, खसखस, कुटलेली खारीक मिसळायची आणि गुळाच्या पाकात लाडू वळायचे. मध्यम आकाराच्या लाडवात दीडशे-दोनशे उष्मांक सहज असतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या ६ महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या ६ महिन्यांत ५२० उष्मांक जास्तीचे लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची शिफारस सांगते. म्हणजे दिवसाला दोन-तीन लाडू, अळिवाची खीर आणि जेवणावर तूप हा आजीचा अंदाज पोषणशास्त्राच्या आकड्यांपासून फार लांब नव्हता. अळिवातून लोहही मिळे. हिशेब पहिल्या महिन्यांपुरता बरोबर होता आणि रीतही तेवढ्याच काळासाठी होती.

ही सारी बडदास्त ज्यांच्या घरी तूप होते त्यांची. शेतमजूर बाई आठ-दहा दिवसांत कामाला लागायची, झाडाला झोळी बांधून मूल तिच्यात ठेवायची आणि खुरपे हाती घ्यायची. तिच्यापुढे वजन कमी करण्याचा प्रश्न कधीच नव्हता. होते तेवढे टिकवण्याचा होता. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ साली जवळच्या ६ खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला, तेव्हाही तिथल्या तरुण स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो भरले होते.

खात्यापित्या घरांतल्या बाईचे वजन सव्वा महिन्यानंतर कसे उतरत असे, याचे उत्तर तिच्या दिवसात आहे. मूल दीड-दोन वर्षे अंगावर पीत असे. पहाटे जाते ओढायचे, मग उखळात कांडण, विहिरीचे पाणी, धुणे, सारवण, आणि यातले निम्मे काम कडेवर मूल घेऊन. धान्य दळताना दोन्ही हात, खांदे, पोट आणि पाठ सारख्याच जोमाने चालतात. असा व्यायाम रोज तास-दीड तास घडत होता, पण तो व्यायाम म्हणून कोणी मोजला नाही. दुसरी गोष्ट मनुष्यबळाची. रांगते मूल चुलीपासून, विहिरीपासून राखायला आजी, आत्या, थोरल्या बहिणी असत. आईला मुलावर सारखी नजर ठेवून एका जागी बसून राहावे लागत नसे. काम तिला मोकळे सोडत नसे. तिसरी गोष्ट दुःखद आहे. दोन वर्षांत पुन्हा दिवस जात. पाठोपाठच्या बाळंतपणांनी अंगावर मेद साठण्याऐवजी रक्त आणि हाडे झिजत. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हा विषय लावून धरला, त्यामागे स्त्रीच्या शरीराची ही दैनाही होती. जुन्या बाया बाळंतपणानंतर आपोआप सडपातळ होत, असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी हा भाग वगळू नये.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हे चित्र आणखी उघडे पडले. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत काम करणाऱ्या बाया कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या. आजी गावाकडे, मूल शहरात. पाळीवर जाताना मूल शांत झोपावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत नोंदली गेली आहे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे गिरणी कामगार स्त्रीला भत्ता मिळू लागला. मूल लहान असताना आईच्या शरीराची जबाबदारी एकट्या घराची नाही, ही गोष्ट कायद्याने इथे प्रथम मान्य केली.

वजन हा शब्द बाईच्या शरीराशी जोडला गेला तो फार उशिरा. घरात तराजू होता तो धान्याला आणि सोन्याला. नऊवारी लुगड्याला माप नसते. कंबर दोन बोटे वाढली तर नेसण बदलते, लुगडे तेच राहते. त्यामुळे वाढलेले अंग दिसे, पण ते आकड्यात सांगणारी वस्तू घरात नव्हती. पुढे पाचवारी आली, परकराची नाडी आली आणि नंतर मापाने शिवलेले कपडे आले. रेल्वे स्थानकांवर नाणे टाकले की वजन छापलेले तिकीट देणारी यंत्रे उभी राहिली. तिकिटावर भविष्यही असे. दवाखान्यात गरोदर बाईला दर खेपेला काट्यावर उभे करू लागले. बाळंतपणाआधीची जीन्स चढत नाही, ही तक्रार मापाचे कपडे आल्यानंतरची आहे.

बाळंतपण दवाखान्यात हलायला शतक लागले. मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हाच होता. पण देशव्यापी आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्येही संस्थेत होणारी बाळंतपणे ३८.७ टक्केच होती. २०१९-२१ मध्ये ती ८८.६ टक्क्यांवर गेली. याच दोन पाहण्यांच्या मधल्या काळात जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण १२.६ वरून २४ टक्के झाले आणि कमी वजनाच्या स्त्रियांचे ३५.५ वरून १८.७ टक्क्यांवर आले. एकाच देशात, कित्येकदा एकाच गावात, दोन्ही प्रश्न शेजारी नांदत आहेत.

बदल झाला तो असा. पिठाची गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला आणि बाईच्या अंगातले कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण आजी दुसऱ्या शहरात राहिली आणि दोन खोल्यांच्या घरात आई आणि वर्षा-दीड वर्षाचे मूल दोघेच उरले. या वयाचे मूल दिवसभर धावते, पण आईला धावायला लावत नाही. उठबस करायला लावते, रात्री दोनदा उठवते आणि तिचे जेवण लांबवते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, गोड खावेसे वाटते. दुपारी मुलाच्या वाटीत उरलेला तूप घातलेला वरणभात, अर्धे बिस्किट, दोन घास शिरा वाया जाऊ नये म्हणून तिच्याच पोटात जातो आणि तिचे स्वतःचे ताट वेगळे असतेच. दूध पाजणे कमी झालेले असते, लाडवांचा डबा मात्र माहेरून येत राहतो. सव्वा महिन्यासाठी आखलेला आहार दोन वर्षे चालला की तो अंगावर बसणारच.

मराठी शरीराची एक अडचण त्यात भर घालते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या त्याच अभ्यासातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की, खेड्यातली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण पुण्याकडच्या बाळांच्या अंगावरचा मेद त्या मानाने राखलेला, स्नायू मात्र कमी. त्यांनी स्वतःची तुलना जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशी करून २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह छापली. दोघांचा बी.एम.आय., म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. अशा फरकामुळे भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर ओढली गेली. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो; तिच्यासाठी मूल लहान असतानाची ही वर्षे दिसण्याच्या नव्हे, तब्येतीच्या दृष्टीने मोलाची आहेत.

वजन उतरवण्याचा व्यवसाय जुन्या रीतीने सोडलेल्या या पोकळीत वाढला. तळवलकरांची व्यायामशाळा मुंबईत १९३२ पासून होती, पण बाया व्यायामशाळेत जाऊ लागल्या त्या पुष्कळ नंतर. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी तूप, डिंक, अळीव यांची बाजू घेतली आणि शहरी आयांच्या मनातली त्यांची भीती घालवली. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दोन वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेला. यांतल्या बऱ्याच सल्ल्यांत गृहीत धरलेले असते की बाईला स्वतःचा तासभर मोकळा मिळतो. कडेवर मूल असलेल्या बाईला तो मिळत नाही. वैद्यकाचे सांगणे साधे आहे: पाजणाऱ्या आईने उपास करू नये, दूध नीट सुरू झाल्यावर आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत उतार बाळाला बाधत नाही, रोज चालावे, आणि पोटाचे स्नायू विलग झाले असतील तर आधी त्यांची तपासणी करून मग व्यायाम धरावा.

तो तास देण्याचा प्रयत्न कायद्याने थोडाफार केला. १९६१च्या प्रसूतिलाभ कायद्यातली १२ आठवड्यांची रजा २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. शेतमजूर, घरकामगार आणि फेरीवाल्या बाया अजून या रजेच्या आणि पाळणाघराच्या बाहेर आहेत.