पडद्याची हाक: इंटरप्टचा छोटा इतिहास

१/ जुन्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ रेखत तळाशी जाई आणि पुन्हा वर परते. अमेरिकेत सेकंदाला सुमारे ६० वेळा. परतीचा तो क्षण म्हणजे ‘व्हर्टिकल ब्लँक’. चित्र न फाटता बदलण्याची संधी.

२/ १९७७ च्या अटारी व्हीसीएसमध्ये अवघी १२८ बाइट रॅम होती. पूर्ण चित्र साठवणे अशक्यच. इंटरप्टची, म्हणजे हातातले काम थांबवून प्रोसेसरला हाक देण्याची, सोयही नव्हती. झोताच्या बरोबरीने ओळीओळीने धावण्यातच त्याचा बहुतेक वेळ खर्ची पडे.

३/ १९७९ च्या अटारी ८०० ने ही वेठ संपवली. त्यातील अँटिक चिप स्वतःच मेमरीतून चित्र वाची आणि ठरलेल्या ओळीवर किंवा फ्रेमच्या अखेरीस प्रोसेसरला हाक देई.

४/ पुढे लॅपटॉपच्या काळात हीच हाक महाग ठरली. पडदा स्थिर असताना प्रोसेसरला सतत उठवणे म्हणजे बॅटरीचा अपव्यय. म्हणून लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेत या इंटरप्टची गरज कितीजणांना आहे, याची मोजदाद राहते. कोणालाच नको असेल, तर थोडे थांबून ड्रायव्हर तो बंद करतो. पुन्हा सुरू करताना मधल्या फ्रेमचा हिशेब जुळवावाच लागतो. तो चुकला, तर फ्रेमच्या क्रमांकावर विसंबलेल्या प्रोग्रामचा ताल बिघडतो.