पडद्यावरच्या प्रयोगाची चाळीस वर्षे

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते न पडते तोच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. येथे २००१ पासून मोटारी तयार होत आहेत. मोटारीचा एखादा भाग प्रत्यक्ष घडवण्याआधी तो संगणकावर घडवून पाहायचा, पडद्यावरच त्याच्यावर भार टाकायचा आणि तो कोठे वाकतो ते पाहायचे, ही मोटार उद्योगातली आता रोजची रीत झाली आहे. तिला सिम्युलेशन म्हणतात. बापाच्या कारखान्यात रुळलेला हा शब्द मुलाच्या शाळेत कसा आला, आणि आला तेव्हा वर्गातल्या कोणाकोणापर्यंत पोचला, ते येथे पाहू.

हा प्रश्न आम्हाला त्याच परिसरातल्या एका शाळेत पडला. शिक्षकांसाठी आम्ही एक छोटी कार्यशाळा घेतली होती. वीज गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर चाललेला. आम्ही उत्साहाने 'हे पाहा', 'आता इकडे पाहा' असे सांगत होतो. मागच्या बाकावरून एका बाईंनी विचारले, "सर, माझ्या वर्गात एका मुलीला जवळजवळ दिसतच नाही. तिने काय पाहायचं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

भारतीय शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ साली झाला. त्याचे नाव 'क्लास' प्रकल्प. सुमारे अडीचशे शाळांपासून त्याची सुरुवात झाली. त्यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे ब्रिटनमधला बीबीसी मायक्रो. त्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारे एक साधे छायाचित्रही त्यात मावणार नाही. यंत्राबरोबर आलेले बरेचसे कार्यक्रमही तिकडचेच होते, इंग्रजी भाषेतले आणि तिकडच्या अभ्यासक्रमाला धरून. पुष्कळ शाळांत संगणक हे विज्ञान शिकण्याचे साधन होण्याऐवजी स्वतःच एक विषय होऊन बसले. चपला बाहेर काढून आत जायची ती थंडगार खोली अनेक वाचकांना आठवत असेल.

गंमत अशी की भाषेचा हा अडथळा आपल्याकडे तोवर ओळखला गेला होता. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले, पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतल्या दलित विद्यार्थ्यांबरोबरही केले. विज्ञान अवघड वाटते त्यात विज्ञानाचा वाटा किती आणि पुस्तकी भाषेचा किती, हा प्रश्न व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला होता. संगणक आणणाऱ्यांनी तो ऐकला असता तर बरे झाले असते.

आज शिक्षकांना माहीत असलेल्या सिम्युलेशनांपैकी बरीचशी 'फेट' या प्रकल्पातली आहेत. अमेरिकेत बोल्डर येथील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन यांनी २००२ साली तो सुरू केला. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि त्या रकमेतला काही भाग त्यांनी या कामात घातला. त्यांच्या गटाची कामाची पद्धत आम्हाला फार आवडते. सिम्युलेशनचा कच्चा आराखडा तयार झाला की विद्यार्थ्याला त्याच्यासमोर बसवायचे, काहीही सूचना द्यायच्या नाहीत आणि तो काय करतो, कोठे अडतो ते पाहायचे. विद्यार्थी अडला तर दोष आराखड्याचा समजायचा.

याचा एक परिणाम सगळ्यांना चकित करून गेला. २००५ साली नोहा फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने विद्युत परिपथाचा प्रयोग खऱ्या तारा, बल्ब आणि विद्युत घट घेऊन केला, दुसऱ्याने फक्त पडद्यावर. नंतर दोन्ही गटांना खरा परिपथ जोडायला सांगितले. पडद्यावर शिकलेल्यांनी तो कमी वेळात जोडला आणि त्याचे स्पष्टीकरणही अधिक चांगले दिले!

असे का व्हावे? वर्गातला अनुभव आठवून पाहा. सैल जोडणी, गळालेला घट, निळी तार निराळी की लाल, अशा गोष्टींत तासाचा निम्मा वेळ जातो. शिवाय तारेच्या आत काय चालले आहे ते दिसत नाहीच. पडद्यावर इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. बल्बच्या अलीकडे जितके, तितकेच पलीकडे. 'बल्ब वीज खाऊन टाकतो' ही घट्ट बसलेली समजूत तेथे आपोआप हलते. तार पहिल्यापासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहे आणि बटण दाबताच ते सर्वत्र एकदमच सरकू लागतात, हेही कळते. त्यांचा खरा वेग किती, याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर विद्युतधारा जात असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर पुढे जातात. म्हणजे एक मीटर जायला पावणेचार तास! पडद्यावरचे गोळे याहून कितीतरी चपळ असतात, हे शिक्षकांनी सांगायलाच हवे. त्या अभ्यासाचा आधार घेऊन प्रयोगशाळेच्या साहित्याला कात्री लावण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. ते त्या संशोधकांचे म्हणणे नव्हते.

फेटची सिम्युलेशने विनामूल्य आहेत, त्यांतली अनेक मराठीत आहेत आणि आजची आवृत्ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचून चालते. भाषांतर शिक्षकालाही करता येते, कारण पडद्यावर शब्द थोडेच असतात. फक्त ते पाठ्यपुस्तकातले हवेत. पुस्तकात 'विभवांतर' आणि पडद्यावर दुसरेच काही, अशाने मुले गोंधळतात. आपल्या देशातही अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने 'ओ-लॅब्ज' हा शालेय प्रयोगांचा संच तयार केला. त्यातही मराठी आहे. मधल्या काळात एक धक्का बसला. जुनी बरीच सिम्युलेशने फ्लॅश आणि जावावर चालत. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि नव्याने न लिहिलेली सिम्युलेशने शाळांच्या संगणकांवर निकामी होऊन पडली.

हे पुनर्लेखन चालू असतानाच फेटच्या गटाने त्या बाईंचाच प्रश्न हाती घेतला. काही सिम्युलेशने माऊसशिवाय, केवळ कळफलकावर चालतील अशी केली. पडद्यावरच्या घडामोडींना आवाज दिले आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीसाठी त्यांची वर्णने लिहिली. अशी एक वाचनप्रणाली, 'एनव्हीडीए', २००६ पासून विनामूल्य मिळते. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी ती तयार केली. दोघेही अंध.

हे सारे वाचून-शिकून आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो तेव्हा जानेवारी होता. बरोबर 'जॉन ट्राव्होल्टेज' नावाचे सिम्युलेशन नेले होते. त्यात एक माणूस सतरंजीवर पाय घासतो, अंगावर विद्युतभार साठवतो आणि दाराच्या मुठीकडे हात नेला की ठिणगी उडते. प्रत्येक इलेक्ट्रॉन अंगावर येताना आवाज होतो. ती मुलगी बाणाच्या कळा दाबत ऐकत राहिली. शेजारच्या मैत्रिणीला तिने गप्प बसायला सांगितले. ठिणगीचा आवाज आला तशी म्हणाली, "स्वेटर काढताना होतं तेच हे." मग जरा थांबून, "पण पावसाळ्यात का होत नाही?"

सिम्युलेशनमध्ये हवेतला दमटपणा कमीजास्त करायची सोय नाही. बाईंनी लॅपटॉप मिटला, एक फुगा फुगवला आणि दोन फडकी मागवली, एक कोरडे, एक ओले. कोरड्या फडक्याने घासलेला फुगा त्यांनी मुलीच्या हाताजवळ धरला. हातावरचे केस उभे राहिल्याचे सगळ्यांत आधी तिनेच सांगितले.