शास्त्रीबुवांचा उंबरा

आजोबा वाईच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायला ते पायी गावोगाव हिंडायचे. ज्याच्या दारात समन्स घेऊन उभं राहायचं त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा त्यांचा नेम होता. कोर्टाने तो घालून दिला नव्हता, त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतला होता. भर उन्हात पुढच्या गावच्या विहिरीपर्यंत तहानलेले चालत जायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाळ, पाणी काय, पाजणारा प्रेमानेच पाजतो. पण उद्या त्याची जप्ती आली म्हणजे ते पाणी घशाशी येतं."

उन्हाळ्याच्या सुटीत संध्याकाळी ते मला घेऊन गणपती घाटावर बसत आणि रामशास्त्र्यांची गोष्ट सांगत. ही गोष्ट ऐकली नाही असं मराठी घर त्या काळी नव्हतं. प्रभातने 1944 साली त्यावर सिनेमा काढला तेव्हा आजोबांनी तो पाहिला होता. पण ते सांगत ती गोष्ट सिनेमातली नव्हती. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेली, आमच्या या खोऱ्यातली होती. साताऱ्याशेजारच्या क्षेत्र माहुलीचा हा मुलगा. वय वाढलं तरी अक्षरशत्रू, सावकाराच्या घरी पडेल ते काम करणारा. मग कधीतरी अपमान जिव्हारी लागला आणि काशीला जाऊन शास्त्री होऊन परतला. 1751 साली पेशव्यांच्या पदरी लागला आणि 1759 साली मुख्य न्यायाधीश झाला.

मग 30 ऑगस्ट 1773. गणपतीचे दिवस, शनिवारवाड्यात गारदी शिरलेले, अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा "काका, मला वाचवा" म्हणत धावतोय. इथे आजोबांचा आवाज खाली यायचा. हुकमातल्या 'ध'चा 'मा' करणारी काकू आनंदीबाई ते सांगत, पण घाईने. त्यांना ओढ असायची पुढच्या प्रसंगाची. शास्त्रीबुवा चौकशी करतात, धागा थेट काकांपर्यंत, राघोबादादांपर्यंत पोचतो. दादा आता स्वतः पेशवे. ते विचारतात, याला प्रायश्चित्त काय? शास्त्रीबुवा सांगतात, देहान्त. आणि हा कारभार चालू असेतो या शहरात पाणी पिणार नाही म्हणून पुणं सोडतात. "आले कुठे? आपल्याकडे. वाईच्या बाजूला, पांडववाडीला." आजोबा नदीपलीकडे बोट करत. शास्त्रीबुवा जणू त्या झाडीतूनच चालत येणार होते.

पुढे वाचायला लागलो तेव्हा या गोष्टीची एक वेगळीच बाजू दिसली. ग्रँट डफ 1818नंतर साताऱ्याला होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापून निघाला. शास्त्रीबुवांनी राघोबादादांना दिलेलं उत्तर आणि वाईजवळच्या एकांतातल्या गावी त्यांचं निघून जाणं त्याने लिहिलं आहे. शास्त्रीबुवा वारले 1789 साली. म्हणजे त्यांना डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं साताऱ्यात तेव्हा हयात असणार. आपण ज्याला इतिहास म्हणतो त्याच्या मुळाशीही कुणाचे तरी आजोबा बसलेले असतात, असं मला तेव्हा वाटलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शास्त्रीबुवांनी शिक्षा सुनावली असं आपण म्हणतो, पण शिक्षा देण्याची ताकद त्यांच्या हातात होती कुठे? पेशव्याला बेड्या घालणारा शिपाई त्यांच्या पदरी नव्हता. शिवाय ब्राह्मणाला देहदंड नाही असं मानणारा तो काळ, आणि समोर ब्राह्मण राज्यकर्ता. गादी आणि धर्म, दोन्हींची ढाल दादांच्या हाती. शास्त्रीबुवांनी त्यातलीच एक ढाल काढून घेतली. पाप धुण्याचा उपाय विचारला होता ना, मग धर्माच्याच भाषेत उत्तर दिलं, की हे पाप जिवंतपणी धुतलं जाणार नाही. ज्या शास्त्राच्या आडोशाला दादा उभे होते ते शास्त्रच त्यांच्याकडे वळलं. तो निकाल काही अमलात आला नाही. दादांविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, बारभाईंनी, त्यांना दूर केलं, शास्त्रीबुवा परत येऊन आसनावर बसले. दादा सुरतेला इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि 1783 साली कोपरगावला वारले. देहान्त प्रायश्चित्त कुणी घेतलं नाही. एका माणसाने नाही म्हटलं आणि तो निघून गेला, एवढंच घडलं. तरी दोनशे वर्षांनी एक बेलिफ ते आपल्या नातवाला घाटावर सांगत होता.

आजीची गोष्ट वेगळी. ती सांगे शास्त्रीबुवांच्या बायकोची. वाड्यावर हळदीकुंकवाला गेलेल्या बाईंना पेशवीणबाईंनी शालू नेसवला, अंगभर दागिने घातले, पालखीतून घरी पाठवलं. शास्त्रीबुवा दारात आले, बघून म्हणाले, "या कुणा सरदाराच्या बाई दिसतात, घर चुकल्या. आमचं कुटुंब एवढं श्रीमंत नाही." आणि दार लावून घेतलं. बाई परत गेल्या, दागिने उतरवले, आपलं लुगडं नेसून पायी आल्या, तेव्हा दार उघडलं. हे खरोखर घडलं का, मला माहीत नाही. आजी सांगताना माझी आई तांदूळ निवडत असायची आणि एकदाही मान वर करायची नाही.

अण्णा, माझे वडील, दिवाणी न्यायाधीश झाले. बेलिफाचा मुलगा न्यायाधीश झाला म्हणून आजोबांनी वाईत पेढे वाटले नाहीत, अण्णांना फक्त म्हणाले, "आता तुला जास्त तहान लागेल."

1976 साली आम्ही एका तालुक्याच्या गावी होतो. आणीबाणी चालू होती, येरवड्याच्या आणि नाशिकच्या तुरुंगांत मिसा कायद्याखाली स्थानबद्ध केलेले लोक होते. अण्णांपुढे दावा होता साधाच: देवळाचा सभामंडप वाढवताना भिंत एका विधवा बाईच्या मोकळ्या जागेत गेली होती. कागद बाईच्या बाजूने होते. एका रविवारी सकाळी गावातली पाच-सहा वडीलधारी मंडळी नारळ, अंगारा आणि शाल घेऊन ओट्यावर आली. त्यांच्या मागे जीपमधून तालुक्याचे पुढारी. कुणी धमकी दिली नाही. देवाचं काम आहे, साहेब, एवढंच म्हणाले. पुढारी म्हणाले, वरही तुमच्याबद्दल चांगलं मत आहे. अण्णा हात जोडून उभे होते. म्हणाले, "निकाल कोर्टात वाचायचा असतो, ओट्यावर नाही." मंडळी गेली, नारळ ओट्यावरच राहिला. आईने तो शिपायाबरोबर देवळात पाठवून दिला.

त्याच वर्षी 28 एप्रिलला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. याच्या उलट निकाल आधी नऊ हायकोर्टांनी दिले होते, त्यांत मुंबई हायकोर्टही होतं. पाच न्यायाधीशांपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले. निकालाआधी हरिद्वारला गंगेकाठी त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, की या निकालाने माझं सरन्यायाधीशपद जाणार. 1977च्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून एम. एच. बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. अण्णांकडे तो निकाल छापलेला, एआयआर या कायदेपत्रिकेचा अंक होता. खन्नांच्या निकालपत्रात त्यांनी एस.टी.चं तिकीट खुणेला घातलं होतं. ते तिकीट अजून तिथेच आहे.

बहुमतात आमच्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. मला त्यांच्याविषयी राग नाही, हे मनापासून लिहितो. पुढे त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली, की त्या वेळी पद सोडून बाहेर पडण्याचं धैर्य आपल्याला झालं नाही. हे वाचलं तेव्हा मला गणपती घाट आठवला. म्हणजे रामशास्त्र्यांनी जे केलं ते करायला हवं होतं, हे त्यांनाही कळलं होतं, फक्त उशिरा. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी जुना निकाल चूक ठरवला, तेव्हा त्यातलं एक मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाच्या, धनंजय चंद्रचूडांच्या हातचं होतं.

पद जाणं मोठं खरंच. पण दुसरं एक ओझं असतं, त्याची नोंद कुठल्या अंकात छापली जात नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्रात ते दिसतं. 1879 साली वासुदेव बळवंतांच्या बंडानंतर सरकारला रानड्यांचा संशय आला, धुळ्याला बदली झाली, तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात. ते त्यांनी शांतपणे सोसलं. पण 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानड्यांसह पाहुण्यांना चहा दिला गेला, गोपाळराव जोशांनी 'पुणे वैभवा'त हजर असणाऱ्यांची नावं छापली आणि ग्रामण्य उठलं. बहिष्कार, मुलीबाळींची लग्नं अडणं, श्राद्धाला ब्राह्मण न मिळणं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सरकारपुढे न वाकलेला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे वाकला, म्हणून अनुयायी हळहळले. मला ते फार जवळून कळतं. सरकारी दाब ऑफिसात येतो, तो एकट्या माणसावर असतो. धर्माचा दाब स्वयंपाकघरात शिरतो आणि त्या माणसाच्या आधी घरच्या बाईवर पडतो.

अण्णांनी निकाल बाईच्या बाजूने दिला. भिंत मागे घ्यायला सांगितली. आमच्यावर दगड आला नाही, कुणी वाईट बोललं नाही. दूधवाल्याने दूध दुसरीकडे लागलंय म्हणून सांगितलं. शाळेत माझ्या बाकावरचा मुलगा पुढच्या बाकावर गेला. अण्णा सकाळी कोर्टात जात, तिथे त्यांना साहेब म्हणणारी माणसं होती. आई दिवसभर घरात.

जानेवारीत संक्रांत आली. आईने हळदीकुंकू ठरवलं, गल्लीतल्या घरोघरी जाऊन आमंत्रण केलं. वाण म्हणून बाजारातून स्टीलच्या छोट्या वाट्या आणल्या, अकरा. तीळगूळ केला. संध्याकाळी जरीचं लुगडं नेसून ती दाराशी बसली. दिवे लागले, तिने एकदा उठून अंगणात पाहिलं, पुन्हा येऊन बसली. अण्णा आतल्या खोलीत कागद पुढे घेऊन बसले होते, पण पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. आठच्या सुमाराला ती विधवा बाई आली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, आईनेही बोलावलं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आई उठली, तिला हाताला धरून आत घेतलं, पाटावर बसवलं, तीळगूळ दिला आणि एक वाटी दिली.

उरलेल्या दहा वाट्या आमच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं होत्या. त्यांत आम्ही ताक प्यायचो.